पटाची भीती

रविवारी सकाळी आमच्या घरात दोन गोष्टी एका वेळी शिजत असतात. आत कुकरमध्ये मटण आणि बाहेरच्या खोलीत मोबाइलवर मारामारी. अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे सोलापुरातली रविवारची सकाळ. त्यामुळं मी मटणाची पिशवी घेऊन घरी येतो नेमक्या त्याच सुमाराला यूएफसीच्या, म्हणजे पिंजऱ्यात लढती भरवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या, मोठ्या लढती सुरू होतात. भाचा शेंगाचटणीच्या डब्याला मोबाइल टेकवून बसलेला असतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, खाटेवर पेपर उघडून बसतात. ते बघत नाहीत. म्हणजे बघत नाहीत असं आम्हाला दाखवतात.

7 डिसेंबर 2025 च्या रविवारी भाच्यानं तो जुना प्रश्न परत काढला. पोरगा सतरा वर्षांचा, सहा महिन्यांपासून एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळंच चालणाऱ्या लढतीच्या, क्लासला जातो, आणि या वयात माणसाला जगातल्या सगळ्या गोष्टींना नंबर द्यायचे असतात.

"मामा, एकच नाव सांग. एमएमएत सगळ्यात भारी बॉक्सिंग कुणाचं?"

"होलोवे," मी म्हणालो.

"हॅट. टोपुरिया. नाहीतर यान. आज बघच तू."

पेपर खाली झाला नाही, पण पेपरामागून आवाज आला. "बॉक्सिंग बघायचंय तर बॉक्सिंग बघा की बे. ह्येच्यात कशाला हुडकायलाव?"

अण्णांचा टोला वरवर तिरकस वाटला तरी मुद्द्याला धरून होता. पिंजऱ्यातलं बॉक्सिंग आणि रिंगमधलं बॉक्सिंग यांचं नाव एक असलं तरी गाव एक नाही. रिंगमधल्या व्यावसायिकाच्या हातात 8 किंवा 10 औंसांचा मोजा असतो. एमएमएचा मोजा 4 औंसांचा, म्हणजे 113 ग्रॅमच्या आसपास. आमच्या बाजारात अर्धा पाव शेंगाचटणी मागितली तर ती पुडी याहून जड भरते. मोठ्या मोज्यांच्या आड तोंड लपवून उभं राहता येतं. छोटा मोजा असला की दोन हातांच्या फटीतून मूठ सरळ नाकावर येते. रिंगमध्ये ठोसा चुकवायला कमरेत वाकलात तर लोक टाळ्या वाजवतात, पिंजऱ्यात वाकलात तर खालून गुडघा येतो. पुढच्या पायावर वजन टाकून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारायची सवय असली तर त्याच पायाच्या पोटरीवर लाथ बसते, आणि अशा पाच-सहा लाथांनंतर तो पाय दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायला लागतो. फेरी तीन नव्हे, पाच मिनिटांची. आणि या सगळ्याच्या वर, सतत, डोक्यात मुंगीसारखा फिरणारा एक विचार असतो: हा आता खाली वाकून माझा पाय धरणार.

कुस्तीवाले याला पट म्हणतात. या शब्दाभोवतीच मी गेली तेवीस वर्षं घुटमळतोय. ते पुढं येईलच.

आधी होलोवेबद्दल, कारण माझा जीव त्याच्यावर आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

जानेवारी 2021. करोनामुळं सिद्धेश्वराचा गड्डा त्या वर्षी नेहमीसारखा भरला नव्हता. संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात पाळण्यांचा आवाज नाही, भजी-जिलेबीचा वास नाही, असं मी आयुष्यात प्रथमच बघत होतो. शनिवारी, 16 तारखेच्या रात्री मी चादर पांघरून गच्चीवरच्या खोलीत बसलो होतो. लढत अबू धाबीत होती, त्यामुळं आपल्याकडं रविवारची पहाट व्हायला आली होती. हवाईचा मॅक्स होलोवे विरुद्ध बोस्टनकडचा कॅल्विन कॅटर. यात एक गंमत होती. कॅटर हाच चांगल्या बॉक्सिंगसाठी ओळखला जायचा. जॅब सरळ, गार्ड घट्ट, पाय जागच्या जागी.

पंचवीस मिनिटांत होलोवेनं त्याला 445 नोंदवण्याजोगे फटके मारले. यूएफसीत एका लढतीत इतके कुणीच मारले नव्हते. एकट्या चौथ्या फेरीत 141. पण आकडा ही तिथली खरी गोष्ट नव्हेच. खरी गोष्ट म्हणजे तो एकच ठोसा दोनदा मारत नव्हता. जॅब डोक्याला, मग पोटाला, मग कोपर, मग नुसता खांदा हलवून थांबायचा, कॅटरचा हात वर गेला की बरगडीत हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा. बारीक मारून मारून समोरच्याला सवय लावायची आणि सवय लागली की जोरात मारायचं. पाचव्या फेरीत त्यानं पिंजऱ्याशेजारी बसलेल्या समालोचकांकडं तोंड वळवलं, यूएफसीतला सगळ्यात चांगला बॉक्सर मीच आहे असं त्यांना ओरडून सांगितलं आणि तिकडंच बघत कॅटरचे ठोसे मान हलवून चुकवले. मी गच्चीवर एकटाच उभा राहून हसलो. शेजारच्या गल्लीत यंत्रमाग चालू होते. आमच्या पूर्व भागात हा आवाज इतका अंगवळणी पडलेला आहे की तो चालू असताना झोप लागते आणि बंद पडला की जाग येते. होलोवे तसा मारतो. मधे श्वास घेण्याइतकी फटसुद्धा नाही, आणि थांबला की समजावं, काहीतरी वेगळं येतंय.

बरोबर एका आठवड्यानं, 23 जानेवारीला, त्याच गावात आयर्लंडचा कॉनर मॅकग्रेगर उतरला. या माणसाचा डावा हात मी अजूनही मानतो. 2015 साली त्यानं जोसे आल्डोला 13 सेकंदांत झोपवलं होतं. लहानपणी डब्लिनच्या क्रमलिन बॉक्सिंग क्लबात तो शिकला, आणि 2017 मध्ये बॉक्सर फ्लॉइड मेवेदरशी रिंगमध्ये लढून आल्यापासून त्याचं उभं राहणं आणखी बॉक्सरसारखं झालं होतं, अंग आडवं, पुढचा पाय लांब, त्यावर भार. त्या रात्री समोरच्या डस्टिन पॉइरियेनं तोच पाय धरला. म्हणजे हातानं नव्हे, लाथांनी. पोटरीवर लाथ, परत लाथ. दुसऱ्या फेरीत मॅकग्रेगरचा पाय त्याचं ऐकेना, आणि पाय ऐकेना तसा डावा हातही मुका झाला. मग पॉइरियेनं त्याला ठोशांनीच पाडलं. निकालात 'ठोशांनी' असंच लिहिलंय. खरं तर पोटरीनं हरवलं होतं.

मेवेदरच्या लढतीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दहाव्या फेरीत थांबवली, पैसे दोघांनाही उदंड मिळाले.

आता माझं.

2002 साली मी वीस वर्षांचा होतो. अण्णांची गिरणी बंद पडून काही वर्षं झाली होती. साचेखात्यात उभं आयुष्य काढलेला माणूस आता एका दुकानात हिशेब लिहीत होता, आणि संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसायचा. अण्णा त्यांच्या काळात जत्रेच्या फडात लढलेले. मोठे पैलवान नव्हेत. नारळावरच्या कुस्तीपासून पाच-पन्नास रुपयांच्या कुस्तीपर्यंत, मोहोळ, मंगळवेढा, पंढरपूर, एवढ्याच टापूत. मला मात्र माती नको होती. मला हात हवे होते. शहरातल्या एका जुन्या हॉलमध्ये एक सर बॉक्सिंग शिकवायचे, तिथं मी नाव घातलं. दीड महिना त्यांनी नुसता जॅब घोटवून घेतला. पायाखाली सिमेंट आणि त्यावर एक झिजलेली गादी. एप्रिलमधली सोलापूरची दुपार, पत्र्याचं छप्पर, पाठीवरून घामाच्या धारा. सर म्हणायचे, जॅब सरळ गेला पाहिजे आणि सरळच परत आला पाहिजे. माझा जायचा. आयुष्यात मला चांगल्या जमलेल्या दोन-तीन गोष्टींत मी तो जॅब अजून धरतो.

एक दिवस मोहोळच्या बाजूचा एक पोरगा आला. तालमीतला, मानेला कानापासून खांद्यापर्यंत उतार, कान मुडपलेले. त्याला हात शिकायचे होते. सरांनी आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलं आणि कुणाचातरी फोन आला म्हणून ते बाहेर गेले. मी पहिला जॅब मारला. नाकावर बसला. दुसरा मारला तोही बसला. तिसरा मारायला हात निघाला आणि समोर कुणीच नव्हतं. तो खाली होता. माझा पुढचा पाय त्याच्या दोन्ही हातांत होता. त्याची चूक म्हणणार नाही मी, त्याच्या अंगाला एवढंच माहीत होतं की समोर पाय आला की धरायचा. मी पडताना उजवा हात मागं टेकवला, आणि मनगटातून सुपारी फोडल्यासारखा आवाज आला.

दवाखान्यात अण्णा आले. प्लास्टर बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि एवढंच म्हणाले, "पट दिसला न्हाई व्हय तुला?"

मनगट जुळलं. जॅब जुळला नाही. पुढं चार-पाच महिने मी हॉलमध्ये जात राहिलो, पण हात अर्ध्यातच परत यायचा. समोर बॉक्सिंगचाच पोरगा असला, पाय धरायची परवानगीच नसली, तरीसुद्धा. माझं डोकं हातावर नसायचं, गुडघ्याच्या खाली असायचं. सरांनी दोन-तीनदा सांगून बघितलं, मग सांगणं सोडलं. मीही जाणं सोडलं. मनगट डाव्या हाताचं मोडलं असतं तर निदान निमित्त तरी पटण्यासारखं झालं असतं. मी जॅब डाव्यानं मारायचो, आणि मोडला होता उजवा.

त्यामुळं कुणी 'एमएमएतला सर्वोत्तम बॉक्सर' म्हटलं की माझी नजर हातांकडं जातच नाही. पाय धरला जाण्याच्या भीतीनं त्याचा ठोसा किती आखडतो, एवढंच मी बघतो.

ही भीती काही आजची नाही, आणि लहानसहान माणसांचीच आहे असंही नाही. 26 जून 1976 ला टोकियोच्या बुडोकान हॉलमध्ये मोहम्मद अली जपानी पैलवान अंतोनियो इनोकीशी लढला. अण्णा तेव्हा रात्रपाळीला होते. तालमीत कुणीतरी पेपर वाचून दाखवला आणि त्यावर आठवडाभर वाद चालला, असं ते सांगतात. इनोकी जवळजवळ सगळा वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा घालत राहिला. पंधरा फेऱ्या. बरोबरी. जगातला सगळ्यात वेगवान हेवीवेट, आणि त्यानं त्या पंधरा फेऱ्यांत मारलेले ठोसे हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. पाय सुजले, रक्ताच्या गाठी झाल्या, दवाखाना झाला. लोक त्या लढतीला तमाशा म्हणून हसतात. मला हसू येत नाही. अली पुढं गेला असता तर मारू शकला असता, पण पुढं जायचं म्हणजे पाय द्यायचा. त्यानं दिला नाही. मी त्याला समजू शकतो, असं म्हणणं फार मोठं बोलणं होईल, पण समजू शकतो.

पहिल्या यूएफसीत, 1993 साली डेन्व्हरला, आर्ट जिमरसन नावाचा बॉक्सर एकाच हातात मोजा घालून आला होता. दुसरा हात मोकळा ठेवला, धरायला. रॉयस ग्रेसीनं त्याला खाली नेलं आणि त्यानं काही लागायच्या आतच हार मानली. त्या एका मोज्यातच त्याची सगळी द्विधा दिसते. 2010 मध्ये बोस्टनला जेम्स टोनी आला, तो तर तीन वजनांत विश्वविजेता राहिलेला. खांद्यावर ठोसे झेलून परत मारायची त्याची कला बघायला मला आजही आवडतं. समोर 47 वर्षांचा रँडी कूटूर, मूळचा ग्रीको-रोमन कुस्तीवाला. कूटूर जमिनीलगत वाकला, घोटा धरला आणि टोनी खाली. पहिल्याच फेरीत गळा दाबून संपलं. हा तुकडा मी एकदा अण्णांना मोबाइलवर दाखवला. चष्मा घालून त्यांनी तो तीनदा बघितला, मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "एकेरी पट. आमच्या आळीतलं शेंबडं पोरगं अडवंल असा पट हाय ह्यो."

मग उलट्या बाजूनं बघू. पटाची भीतीच काढून टाकली तर? फ्रान्सिस एन्गानू लहानपणी कॅमेरूनमधल्या बाटीए गावी वाळूच्या खाणीत राबायचा. त्याला व्हायचं होतं बॉक्सरच, एमएमएत तो पॅरिसला पोचल्यावर आला. ऑक्टोबर 2023 मध्ये रियाधला तो हेवीवेट बॉक्सर टायसन फ्युरीसमोर रिंगमध्ये उभा राहिला, आणि तिसऱ्या फेरीत त्याच्या डाव्या हुकानं फ्युरी खाली बसला. निकाल पंचांच्या विभागलेल्या मतांनी फ्युरीकडं गेला. पुढच्या मार्चमध्ये दुसरा बॉक्सर अँथनी जोशुआनं मात्र दुसऱ्या फेरीत एन्गानूला सरळ उजव्या हातानं बेशुद्ध केलं. दोन्ही रात्री खऱ्या आहेत. एमएमएतल्याच अँडरसन सिल्वानं 2021 मध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी, मेक्सिकोत जाऊन माजी विश्वविजेता हुलिओ सीझर चावेझ ज्युनियरला बॉक्सिंगमध्येच हरवलं, तेही खरं आहे. पण या लढतींनी भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. पाण्याबाहेर मासा किती पळतो यावरून पोहण्याचे नंबर कसे द्यायचे?

होली होमचं मात्र सांगायला हवं. बॉक्सिंगमधली अनेक जागतिक जेतेपदं घेऊन ती एमएमएत आली, आणि नोव्हेंबर 2015 मध्ये मेलबर्नला तिनं राँडा राउझीला पाडलं. सगळ्यांच्या लक्षात राहिली ती डोक्यावर बसलेली लाथ. मला पहिली फेरी आठवते. राउझी ज्युदोवाली, एकदा धरलं की संपलं. होम डावा सरळ मारायची आणि बाजूला सरकायची, मारायची आणि सरकायची. राउझी धावत यायची आणि जिथं होम होती तिथं आता जाळी असायची. पटाला उत्तर पायांनीच दिलं होतं तिनं. हात फक्त पावती फाडत होते.

दुसरं उत्तर कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनच्या डियाझ भावांचं. निक आणि नेट. दिसायला अजागळ, अंगात मस्ती, ठोशांत फार जोर नाही, मधेच चापट मारणार, मधेच शिव्या देणार. बॉक्सिंगच्या पुस्तकात बसणारं त्यांच्याकडं थोडंच आहे. पण हात थांबत नाहीत. का थांबत नाहीत? दोघंही जिउ-जित्सूचे, म्हणजे जमिनीवर पडून लढायच्या विद्येचे, ब्लॅक बेल्ट. पाय धरून खाली नेलं तर न्या, खाली आमचंच घर आहे. मार्च 2016 मध्ये नेटनं मॅकग्रेगरला उभ्यानं हलवलं, मॅकग्रेगरनं घाबरून स्वतःच पट घातला आणि खाली गेल्यावर नेटनं त्याचा गळा आवळला. बॉक्सिंगची भीती पटापेक्षा मोठी झाल्याचं ते एक दुर्मिळ उदाहरण, आणि अण्णांना ते मी अजून दाखवलेलं नाही. दाखवेन.

भाच्याचा टोपुरिया याच वाटेनं आलेला आहे, फक्त त्याच्या हातात दारूगोळा जास्त. इलिया टोपुरिया जर्मनीत जन्मला, जॉर्जियात वाढला, तिथं लहानपणी ग्रीको-रोमन कुस्ती केली, मग स्पेनला अलिकांतेत गेला. त्याचं बॉक्सिंग हॉलमध्ये शिकवतात तसंच आहे: हनुवटी खाली, कोपर बरगडीला चिकटलेलं, हुक आखूड, ठोसा कमरेतून निघालेला. फेब्रुवारी 2024 मध्ये व्होल्कानोव्स्कीला दुसऱ्या फेरीत, ऑक्टोबरमध्ये होलोवेला तिसऱ्या फेरीत, आणि जून 2025 मध्ये ऑलिव्हेराला पहिल्याच फेरीत. तिघेही चॅम्पियन राहिलेले, तिघांनाही हातांनी झोपवलं. होलोवे त्याआधी कधीच ठोशानं बाद झाला नव्हता. त्या रात्री मी मोबाइल बंद केला आणि बराच वेळ गच्चीवर उभा राहिलो. सहा महिन्यांपूर्वीच त्यानं जस्टिन गेथजीला शेवटचा एक सेकंद उरला असताना पाडलं होतं. जिंकत आलेली लढत, नुसतं पळून वेळ काढला असता तरी चाललं असतं, पण त्यानं जमिनीकडं बोट दाखवलं, इथं ये म्हणाला. आणि आता हा. उजवा बसला, पाय डळमळले, मागून डावा हुक. बॉक्सिंगमध्ये होलोवे कमी पडला असं मला अजूनही वाटत नाही. हे प्रेम आहे की मत, ते मला सांगता येणार नाही.

पण टोपुरिया बघताना मला त्या मोहोळच्या पोराची आठवण येते. त्याला पुढं कुणी नीट हात शिकवले असते तर तो असा दिसला असता. भाच्याच्या क्लासातली निम्मी पोरं तालमीतून आलेली आहेत. आपल्या मोहोळचा सिकंदर शेख 2023 मध्ये महाराष्ट्र केसरी झाला तेव्हापासून जिल्ह्यात लांग बांधणाऱ्या पोरांची संख्या वाढलीय असं अण्णा म्हणतात. त्यातली काही इकडं वळतात. त्यांचे ठोसे सुरुवातीला भाकरी थापल्यासारखे असतात, उघड्या पंज्याचे. पण वर्षभरात ती पोरं बिनधास्त मारायला लागतात. उलट बॉक्सिंगमधून आलेला पोरगा वर्षभरानंतरही खाली बघत मारतो. क्लासमधल्या बाकावर बसून मी हे बघतो. मीही खाली बघतच मारायचो.

भारतातून यूएफसीत 2017 साली शांघायला पहिल्यांदा उतरला तो आपला मुंबईचा भरत खंडारे. सॉन्ग यादोंगनं त्याला पहिल्याच फेरीत गळा आवळून हरवलं. पहिला विजय मिळवणारी भारतीय बाई पूजा तोमर, 2024 मध्ये लुईव्हिलला. ती वुशू या चिनी युद्धकलेतून आलेली. बॉक्सिंगमधून आलेला आपला मोठा माणूस तिथं अजून व्हायचाय.

तर त्या रविवारी. पेत्र यान विरुद्ध मेराब द्वालिश्विली, दुसऱ्यांदा.

पहिली लढत मार्च 2023 मधली. यान सैबेरियाच्या टोकाकडचा, रशियात बॉक्सिंगची 'मास्टर ऑफ स्पोर्ट' पदवी मिळवलेला. आधी एक फेरी नुसता बघतो, मग हळूहळू पुढं सरकतो, उजव्या-डाव्या दोन्ही पवित्र्यांतून मारतो, आणि एकदा अंदाज आला की सुटका नाही. एमएमएतलं शास्त्रोक्त बॉक्सिंग म्हणाल तर त्याचंच. आणि मेराबनं त्या रात्री त्याच्यावर 49 वेळा पट घातले. एकोणपन्नास! त्यातले लागले फक्त 11. कुस्तीत असा हिशेब कुणी मांडला तर लोक हसतील, इतके चुकतात म्हणजे पैलवान कच्चा. पण मला वाटतं यानला हरवलं ते न लागलेल्या 38 पटांनी. ते त्यानं अडवले, आणि अडवताना त्याचे हात खाली राहिले. प्रत्येक जॅब अर्ध्यातून परत. पंचवीस मिनिटं यान बॉक्सिंग करायच्या बेतात होता, केलं असं नाही. ती लढत मी एकदाच बघितली. दुसऱ्यांदा बघवली नाही.

या वेळी पहिल्या फेरीत मेराब वाकला, पाय धरला. यानची कंबर मागं गेली, छाती मेराबच्या पाठीवर पडली आणि तो सुटून उभा राहिला. उभं राहताना, हात अजून नीट वरही आले नव्हते, तेवढ्यात त्यानं एक ठोसा मारला.

पेपर खाली आला.

"आता ह्यो भीत न्हाई बघ," अण्णा म्हणाले.

"कशावरून?" भाचा.

"सुटल्यावर लगीच मारला की. भ्यालेला माणूस सुटला की आधी मागं सरकतो." मग माझ्याकडं न बघता, "आधी सरकतो, मग श्वास घेतो, मग मारतो. तंवर कुस्ती गेलेली असती."

पुढच्या चार फेऱ्या अण्णा खाटेवरून उतरून खाली बसून बघत होते. सत्त्याहत्तर वय, गुडघे गेलेले, खाली बसलं की उठवायला माणूस लागतो, पण बसले. यान पोटावर मारत होता, डाव्या हातानं, पायानं, परत हातानं, आणि तिसऱ्या फेरीनंतर कधीच न थकणारा मेराब थकल्यासारखा दिसायला लागला. वाकायचा, पण आधीसारखा खोल नाही. पोट दुखत असलं की माणूस खोल वाकत नाही, हे अण्णांनी सांगितलं. तिन्ही पंचांनी यानला दिलं. बेल्ट परत त्याच्याकडं.

"झालं," भाचा म्हणाला. "यान. लिहून घे मामा."

"टोपुरिया," मी म्हणालो.

"तू तर होलोवे म्हणालेलास!"

आतून ताईनं ओरडून विचारलं, भाकरी कडक घ्यायची की ताजी टाकू. कुणी उत्तर दिलं नाही. अण्णा भिंतीला धरून उठायला लागले, मी काखेत हात घातला, तर त्यांनी तो झटकला. उभे राहिले. भाच्याला म्हणाले, "तुझी ती पॅडं आण."

भाच्यानं क्लासची पॅड आणली, हातात चढवली. अण्णांनी त्याला माझ्यासमोर उभा केला, खोलीच्या मधोमध, खाट आणि टीव्हीच्या स्टँडमधल्या जागेत. मग स्वतः माझ्या मागं आले, आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या कमरेवर आले. साच्यावर उभ्या आयुष्यभर राबलेले, आता सालपटं निघालेले हात. कंबर थोडी मागं ओढली, गुडघ्यावर पाठीमागून गुडघ्यानं टोचलं, वाकव म्हणून.

"पाय माझ्याकडं हाय," ते म्हणाले. "कुणी धरत न्हाई. मार."

मी जॅब मारला. पॅडला जेमतेम टेकला आणि अर्ध्यातच परत आला. भाचा हसला. तेवीस वर्षांत काही बदललं नव्हतं.

"परत," अण्णा म्हणाले.

कुकरची तिसरी शिट्टी झाली. मी परत हात उचलला.